शिरोरेषेतली फट

फोंड्याहून म्हार्दोळकडे जाताना रस्त्याच्या कडेला एका उत्सवी नाटकाचा फलक लागला होता. नाटकाच्या नावात ‘भरती’ हा शब्द होता आणि करणाऱ्याने तो मनापासून केला होता. शिरोरेषेची लाट केली होती, निळ्याच्या दोन-तीन छटा चढवल्या होत्या, लाटेच्या टोकाला फेसाचे पांढरे ठिपके होते. कल्पना चांगलीच होती. पण लाट डावीकडून उजवीकडे अखंड वाहत गेल्यामुळे भ-वरची फट बुजली होती. बसथांब्यावर आजीचा हात धरून उभा असलेला एक मुलगा मोठ्याने अक्षरं जुळवत होता, “म… र… ती.” आणि आजी त्याला म्हणत होती, “भरती रे पुता, भरती.” मुलाला ते पटत नव्हतं. त्याच्या डोळ्यांना जे दिसत होतं तेच तो वाचत होता, आणि त्याचं बरोबर होतं.

तो फलक डोक्यातून जात नाही, कारण त्यात हौस आहे, नजर आहे, मेहनतही आहे. शब्दाचा अर्थ शब्दाच्याच आकारातून दिसावा, शेजारी समुद्राचा फोटो चिकटवायची गरज पडू नये, हे त्या चित्रकाराला नेमकं कळलं होतं. अर्थवाही अक्षररचना म्हणतात ती हीच. कमी पडली ती अक्षराच्या हाडांची ओळख. भ आणि ध या दोन अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण नसते. डावीकडे एक गाठ वळते आणि तिथे फट राहते. फट बुजवली की भ लांबून म दिसतो आणि ध घ दिसतो. ‘धन’ लिहावं आणि लोकांनी ‘घन’ वाचावं. उलट बाजूनेही तेच. शिरोरेषा पुसली तर प, ष, य, म यांची पोटं वरून उघडी पडतात, कारण त्यांची पोकळी बंद करणारी वरची भिंत शिरोरेषाच असते. ठ किंवा व-चं पोट मात्र स्वतःच्याच रेषेने मिटलेलं असतं; त्यांची शिरोरेषा काढली तरी ते टिकतात. म्हणून शिरोरेषेशी खेळायचं तर आधी शब्दातली अक्षरं या नजरेने तपासावी लागतात: कुठलं अक्षर तिच्यावाचून जगतं, कुठलं तिच्यावाचून मरतं, कुठल्याला तिच्यात खंड हवाच. फटीसाठी साधा हिशोब असा की ती निदान काना-दांड्याच्या जाडीएवढी राहिली पाहिजे. फलक लांबून वाचायचा असेल तर दीडपट.

हे कुठे शिकवलं जात नाही असं नाही, पण उशिरा शिकवलं जातं. डिझाइनची बहुतेक तत्त्वं आपल्यापर्यंत आली ती रोमन अक्षरांवर घडून. तोल, विरोध, लय, श्रेणी (म्हणजे महत्त्वाचा क्रम), मोकळी जागा ही तत्त्वं सगळ्या लिप्यांची आहेत, त्याबद्दल वाद नाही. ती वापरायची हत्यारं मात्र त्या लिपीची असतात. एखादा शब्द भारदस्त करायचा तर कॅपिटल घ्या, हळुवार करायचा तर तिरपा टाइप घ्या, ऐसपैस करायचा तर अक्षरांमधलं अंतर वाढवा. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. तिरपा टाइप परंपरेत नाही. संगणकाने जबरदस्तीने कललेली देवनागरी वाऱ्याने मोडल्यासारखी दिसते, कारण उभे दांडे कलतात आणि शिरोरेषा मात्र आडवीच राहते. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, शब्द सुट्या अक्षरांत विस्कटतो. तीनही हत्यारं बोथट. मग नवखा विद्यार्थी गोंधळतो आणि शेवटी सावली, चकाकी, सोनेरी कडा यांच्या मागे लागतो.

या अडचणीचं मूळ आपल्याच मातीत बघायला मिळतं. छापखाना गोव्यात १५५६ साली आला, पण फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं ते रोमी अक्षरांत. इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. १६०८ सालच्या पत्रात त्यांनी अडचण लिहून ठेवली आहे: युरोपात २४ साच्यांवर भागतं, इथे सुमारे ६०० साचे ओतावे लागतील आणि ते अशक्य वाटतं. साचा ओतणाऱ्याला जे ओझं वाटलं तीच रचना करणाऱ्याची श्रीमंती आहे. मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार: शब्दाच्या वर आणि खाली एवढी ये-जा रोमन लिपीत नाही.

देवनागरीत आडवं अंतर बांधलेलं असतं, उभं अंतर मोकळं.

माझ्या मते हे एक वाक्य समजलं की निम्मा अभ्यासक्रम समजला. रोमनमधली गर्दी अक्षरं आडवी खेटवून होते, आपली गर्दी ओळी उभ्या खेटवून होते. रोमनमधली शांतता अक्षरं पांगवून मिळते, आपली शांतता शब्दाच्या वरखाली जागा ठेवून. हे हाताला कळायला हवं, आणि त्यासाठी संगणकाच्या आधी कात्री बरी. पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचा पांढरा जाड कागद घ्यावा. एकच फाँट, एकच रंग, तो काळा. चित्र काढायला बंदी, ठिपका किंवा रेघसुद्धा बाहेरून आणायची नाही. ‘मुक्त’ हा फाँट या कामाला फार चांगला, कारण तो फुकट मिळतो आणि त्यात अगदी बारीकपासून अगदी जाडपर्यंत सात वजनं आहेत. शब्द ३६, ६०, १२० आणि २४० पॉइंटमध्ये छापून त्याच्या झेरॉक्स काढाव्यात. कापायला बसण्यापूर्वी वहीत तीन-तीन सेंटिमीटरचे वीस चौकोन आखून वीस कच्च्या मांडण्या कराव्यात, पेन्सिलीने, भराभर. पहिल्या पाच-सहा सगळ्यांच्या सारख्याच येतात: ‘पाऊस’मधला ऊ छत्री होतो, ‘आंबा’वरचा अनुस्वार आंबा होतो, ‘ज्योत’ची मात्रा पेटते. त्या येऊन जाऊ द्याव्यात. दहाव्या-बाराव्या चौकोनाच्या पुढे हात चित्र सोडून अक्षराकडे वळायला लागतो. मांडणी खरी आहे की नुसती सजावट, हे तपासायची एक कसोटी आहे. तीच मांडणी ठेवून शब्द बदलून बघायचा. ‘घसरण’च्या जागी ‘चढण’ घातलं आणि तरी सगळं तितकंच छान दिसलं, तर त्या मांडणीने अजून काही सांगितलेलंच नाही.

‘शांत’ घेऊन बघू. सोपा वाटतो, पण फसवा आहे. बहुतेक जण तो बारीक करून चौकोनाच्या बरोब्बर मध्ये ठेवतात. तिथे तो शांत दिसत नाही, टांगलेला दिसतो. नजरेला भासणारा मध्य मोजलेल्या मध्यापेक्षा थोडा वर असतो, म्हणून मोजून मध्ये ठेवलेली वस्तू किंचित खाली ओघळल्यासारखी वाटते. शिवाय देवनागरी अक्षरं मुळातच वरच्या रेषेला लटकलेली. दोन्ही मिळून शब्द अधांतरी होतो. तो सरळ खाली घ्यावा. ३६ पॉइंटचा शब्द, शिरोरेषा वरच्या कडेपासून ९ सेंटिमीटरवर, डावीकडून जागा उजवीकडच्यापेक्षा थोडी कमी. आता बघा, या शब्दात शिरोरेषेच्या वर एकच गोष्ट आहे: अनुस्वार. वरच्या ९ सेंटिमीटर पांढऱ्यात तो एकटा ठिपका. सगळी नजर तिथे जाते आणि थांबते. मोकळी जागा ही उरलेली जागा नसते, ती मांडलेली असते, हे शिकवायला याहून चांगला शब्द माझ्या पाहण्यात नाही. शब्द आणखी खाली, तळाच्या दोन सेंटिमीटरवर नेला तर तो शांत राहत नाही, पडतो. म्हणजे तोल किती नाजूक असतो तेही त्याच कागदावर कळतं.

‘गर्दी’त हेच उलटं करायचं. दी-वर रफार आणि वेलांटी आधीच एकमेकांना खेटून उभे असतात, तेव्हा शब्दाने काम अर्धं केलेलंच आहे. २४० पॉइंटचा शब्द पाच-सहा ओळींत छापून ओळींमधलं अंतर कमी करत न्यायचं. एरवी १२ पॉइंटच्या मजकुराला १८ ते २० पॉइंटची ओळ लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात. इथे ते आदळू द्यायचे. २४० पॉइंटच्या अक्षराला १५० पॉइंटची ओळ दिली की खालची वेलांटी वरच्या द-च्या शेपटीत घुसते. चौकोनाच्या चारही कडांनी शब्द कापले जावेत, म्हणजे गर्दी कागदाबाहेरही चालू आहे असं वाटतं. एक चूक मात्र नेहमी होते: सगळीकडे सारखीच दाटी. मग ती गर्दी राहत नाही, साडीच्या काठावरची नक्षी होते. कुठेतरी एक शब्द पूर्ण वाचता आला पाहिजे, तेव्हाच बाकीचे चिरडलेले कळतात.

‘घसरण’ला तीन वाटा आहेत आणि तीन्हींचा अर्थ वेगळा. सगळा शब्द बारा अंशांनी फिरवला तर फळीच कलल्यासारखी दिसते, अक्षरं तिला घट्ट धरून असतात. एकेक अक्षर थोडं खाली सरकवलं तर शिरोरेषेच्या पायऱ्या होतात, आणि पायऱ्यांवरून माणूस उतरतो, घसरत नाही. तिसरी वाट म्हणजे उभे दांडे उभेच ठेवून फक्त शिरोरेषा कलवायची. संगणकात उभ्या दिशेचा शिअर (आकार तिरपा ओढायची सोय) दहा-पंधरा अंश दिला की हे होतं. रेषा अखंड उतरते, अक्षरं सरळ राहायची धडपड करतात. घसरण ही. आणि ण शेवटी कागदाच्या कडेने थोडा कापला जाऊ द्यावा.

‘ओहोटी’साठी गोव्यात राहणाऱ्याला कल्पना शोधायला जावं लागत नाही, मांडवीच्या काठावर रोज दोनदा दिसते. पाणी मागे सरतं ते एका झटक्यात नाही, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यात उघडी जमीन वाढते. तेव्हा शब्द तीनदा घ्यावा: वर सर्वांत जाड वजन, मग मधलं, मग सर्वांत बारीक. दोन शब्दांमधली जागा सारखी ठेवली तर ती यादी वाटते. पहिल्या आणि दुसऱ्यात २ सेंटिमीटर, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ४, आणि बाकीचा कागद तिसऱ्याच्या वर न ठेवता खाली कोरा. लय म्हणजे अंतर बदलण्याचा नियम, नुसती पुनरावृत्ती नव्हे. तिसरा शब्द करडा करण्याचा मोह होतो, तो आवरावा. वजन कमी झालं की काळाच रंग आपोआप फिका दिसतो.

मराठी नाटकाच्या जाहिराती ज्यांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात पाहिल्या त्यांना यातलं पुष्कळ न शिकताच माहीत असतं. कमल शेडगे २०२० साली गेले. त्यांनी नाटकांच्या नावांना दिलेली अक्षरं पाहून लोक नाटकाची जात ओळखायचे. इंचा-दीड इंचाच्या जागेत, काळ्या शाईत, वर्तमानपत्राच्या कागदावर. गोव्याच्या गावागावांत जत्रेला, काल्याला नाटक होतंच, आणि त्या नाटकाचा फलक अजूनही गावातलाच कोणीतरी करतो. पूर्वी ब्रशने करायचा, आता मोबाइलवर करतो. ब्रशवाल्याला जाड-बारीक कुठे पडायचं हे हातातून माहीत होतं. बोरूचं टोक देवनागरीसाठी रोमनच्या उलट तिरकं कापतात; त्यामुळे डाव्या तळातून उजव्या माथ्याकडे जाणारी रेघ जाड येते आणि तिला छेदणारी बारीक. दुकानात मिळणारा कॅलिग्राफीचा पेन रोमनच्या सवयीने धरला तर क-चं पोट नको तिथे फुगतं आणि अक्षर परकं दिसतं. का ते पटकन सांगता येत नाही, पण दिसतं. ज्याला पडद्यावरच काम करायचं आहे त्यानेही महिनाभर बोरू चालवावा असं मला कळकळीने वाटतं. टोकाच्या रुंदीच्या पाच-सहा पट उंचीचं अक्षर, रोज एक पान. फाँट निवडताना डोळा नंतर चुकत नाही.

एका शब्दाचं साधलं की फलक. तिथे शब्द एकटा नसतो; तारीख, वेळ, देवस्थान, मंडळ, कलाकार, देणगीदार आणि त्यांचे फोटो. सगळा मजकूर आधी चिठ्ठ्यांवर लिहून तीनच ढिगांत वाटावा. तीनाचे चार ढीग झाले की श्रेणी मोडली. आकाराचा हिशोब रस्त्यावरून सुरू करायचा. चाळीसच्या वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. नाव वाचायला तीन सेकंद धरले तर ३३ मीटर, म्हणजे १०८ फूट. दहा फुटांना एक इंच हा जुना ठोकताळा, म्हणून नावाचं अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत ११ इंच. वेलांटी-उकार धरून ते १८ इंच खातं. आठ बाय चारच्या फ्लेक्सवर हे सहज बसतं, जर देणगीदारांच्या फोटोंनी आधीच जागा धरली नसेल तर. दुसऱ्या ढिगाला ४ इंच, तिसऱ्याला दीड-दोन. कॅपिटल आणि तिरपा टाइप नसल्यामुळे आपल्याला फरक आकारातूनच दाखवावा लागतो, म्हणून तो ठळक हवा. ४ इंचांच्या शेजारी साडेतीन इंच ठेवले तर ती चूक वाटते. चारही बाजूंनी तीन इंच कोरे सोडावेत, फ्लेक्स चौकटीवर दुमडला जातो. आणि बॉर्डर द्यायचीच असेल तर अक्षराच्या मागे दुसरी प्रत ठेवून तिला द्यावी. थेट दिली तर निम्मी जाडी अक्षराच्या आत शिरते, पोटं बुजतात, आणि भ-ची फट पहिली जाते.

संगणकातले घोटाळे ठरलेले आहेत. इलस्ट्रेटरमध्ये किंवा फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मजकुराचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, वर्ल्ड-रेडी केला नाही तर ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरांचे पाय मोडके दिसतात. भाषा मराठी निवडली नाही तर, फाँटमध्ये सोय असूनही, ल आणि श हिंदी वळणाचे येतात. फाँट विकत घेण्याआधी किंवा उतरवण्याआधी त्यात ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘विठ्ठल’, ‘शुद्ध’, ‘दीर्घ’ एवढे शब्द टाकून बघावेत. अर्धे फाँट इथेच गळतात. मध्यावर आणायचं बटण शब्दाची चौकट मोजतं, वजन नाही. ‘मूर्ती’ला वर रफार-वेलांटी आणि खाली ऊकार, ‘समर’ला काहीच नाही, दोन्ही एका पट्टीत त्या बटणाने मध्ये आणले तर शिरोरेषा वरखाली होतात. शिरोरेषा आधी एका पातळीवर आणाव्यात, बटण नंतर. डोळे बारीक करून बघणं आणि फलक उलटा करून बघणं या दोन जुन्या सवयी अजून कुठल्याही बटणापेक्षा खऱ्या आहेत.

दोन लिप्या शेजारी आल्या की काम वाढतं, आणि गोव्यात त्या येतातच. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये रस्त्यांची नावं निळ्या-पांढऱ्या फरशांवर आहेत. ती रोमन अक्षरं फरशीच्या सांध्यांवरून बिनधास्त जातात. देवनागरी नाव तसं करायचं तर सहा इंची फरशीच्या आडव्या सांध्यावर शिरोरेषा येऊ देऊ नये, नाहीतर सांधाच शिरोरेषा वाटतो आणि भ-ध पुन्हा फसतात. सांधा अक्षराच्या पोटातून गेलेला चालतो. दुकानाच्या पाटीवर दोन्ही लिप्यांचे पाय एका रेषेवर ठेवावेत आणि देवनागरीची शिरोरेषा रोमन कॅपिटलच्या माथ्यापेक्षा थोडी खाली, म्हणजे वरच्या मात्रांना जागा राहते आणि दोन्ही शब्द सारख्या आवाजात बोलतात. बसच्या काचेसाठी व्हिनाइल कापून घ्यायचं असेल तर फाँटची रूपरेषा केल्यावर, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केल्यावर, सगळे तुकडे एकत्र जोडून घ्यायला विसरू नये. शिरोरेषा अक्षराअक्षराला एकमेकांवर चढलेली असते. न जोडता फाइल दिली तर मशीन प्रत्येक सांध्यावर सुरी चालवतं आणि चिकटवताना शब्द तुकड्यांत हातात येतो. अनुस्वार सहा-सात मिलिमीटरपेक्षा लहान ठेवला तर तो कागदाबरोबर सोलून जातो.